तडजोडींतला तिसरा पक्ष

सांगलीच्या गणपति पेठेंत किंवा साताऱ्याच्या मोती चौकांत दूरचित्रवाणीचा नवा संच विकत घेणारा गृहस्थ पडद्याचा आकार पाहतो, किंमत विचारतो, थोडी घासाघीस करतो आणि पावती खिशांत घालून घरीं येतो. संच भिंतीवर चढतो, कळ दाबली जाते आणि पडद्यावर छोट्या छोट्या चौकटींची एक रांग उमटते. अमुक चौकट पहिली कां, तमुक चौकट मुळींच कां नाहीं, नको असलेली चौकट काढूं म्हटलें तर ती निघत कां नाहीं, हे प्रश्न दुकानांत कोणी विचारीत नाहीं. त्या चौकटींची मांडणी ठरविणारा करार गिऱ्हाईक आणि दुकानदार यांच्यामध्यें झालेला नसतो. संच बनविणारा कारखानदार आणि त्या संचाला चालविणारी सॉफ्टवेअर कंपनी यांच्यामध्यें तो पूर्वींच होऊन गेलेला असतो. गिऱ्हाईक त्या करारांत कोठेंच नसतें; पैसा मात्र शेवटीं त्याच्याच खिशांतून जातो.

अशाच करारांची चौकशी करण्याचा हुकूम भारतीय स्पर्धा आयोगानें जून २०२१ मध्यें दिला. प्रतिवादी कंपनी होती गूगल. जवळजवळ चार वर्षांनंतर, २१ एप्रिल २०२५ रोजीं, तें प्रकरण तडजोडीनें मिटलें. कंपनीनें २० कोटी २४ लाख रुपये भरावे, कांहीं अटी सैल कराव्या आणि पुढील पांच वर्षें त्याप्रमाणें वागावें, असें ठरलें. स्पर्धेच्या सुधारलेल्या कायद्याखालीं तडजोडीनें मिटलेलें हें देशांतील पहिलेंच प्रकरण होय. पहिल्या प्रकरणाचा पायंडा पुढील प्रकरणांना पडतो. म्हणूनच त्याचा विचार एका कंपनीपुरता किंवा एका यंत्रापुरता न करतां जरा व्यापक दृष्टीनें केला पाहिजे. दोन पक्ष तडजोडीला बसतात तेव्हां जो तिसरा पक्ष त्या खोलींत नसतो, त्याचें काय होतें, हा खरा प्रश्न आहे; आणि ह्या प्रश्नाला सातारा व सांगली हीं दोन्ही गांवें मुळींच नवखीं नाहींत.

प्रथम वाद काय होता तें समजून घेतलें पाहिजे. अँड्रॉइड नांवाची एक कार्यप्रणाली आहे. यंत्राच्या निर्जीव सांगाड्याला ती चालतें-बोलतें करते. तिचा मूळ आराखडा खुला असून तो कोणालाही वापरतां येतो. परंतु नुसत्या आराखड्यावर संच खपत नाहीं. गिऱ्हाइकाला त्यांत प्ले स्टोअर हवें असतें, कारण चित्रपट, गाणीं, खेळ, शाळेचे पाठ यांचीं ॲपें तेथूनच संचांत उतरवून घ्यावयाचीं असतात. हें प्ले स्टोअर कंपनीच्या मालकीचें आहे. आक्षेप होता तो असा कीं, कारखानदाराला प्ले स्टोअर हवें असेल तर कंपनीनें ठरविलेलीं सर्व ॲपें त्याला एका गाठोड्यांत घ्यावीं लागत. शिवाय अँड्रॉइडच्या आराखड्यांत फेरफार करून कोणीं निराळी प्रणाली तयार केली, तर ती आपल्या कोणत्याही यंत्रावर न चालविण्याचें वचन द्यावें लागे.

एखाद्या गुळाच्या ठोक व्यापाऱ्यानें किराणा दुकानदाराला सांगावें कीं, माझा गूळ हवा असेल तर माझा चहा, माझें तेल आणि माझा साबणही घेतला पाहिजे, तो दर्शनी फळीवर मांडला पाहिजे, आणि दुसऱ्या पेठेंत तुझें दुसरें दुकान असेल तर तेथेंही माझ्या प्रतिस्पर्ध्याचा माल दिसतां कामा नये. तसाच हा प्रकार. गुळावांचून दुकान चालत नसेल तर दुकानदार मान तुकवितो. गिऱ्हाइकाला वाटतें, दुकानदाराची आवडच तशी आहे. ज्याचें तेल चांगलें आणि स्वस्त होतें तो तेली मात्र फळीपर्यंत पोंचतच नाहीं, आणि तो कां पोंचला नाहीं हें कोणाला कळतही नाहीं.

आतां तडजोडींत काय ठरलें तें पाहण्यासारखें आहे. भारतांत विकल्या जाणाऱ्या संचांपुरतें प्ले स्टोअर व त्याला लागणाऱ्या सेवा गाठोड्यापासून सोडवून, निराळें शुल्क आकारून, देण्याचें कंपनीनें मान्य केलें. ज्या संचांत कंपनीचीं ॲपें घातलेलीं नाहींत त्यांच्यावर पूर्वींच्या वचनाचें बंधन उरलें नाहीं. आणि ही मोकळीक पत्रें पाठवून कारखानदारांना कळवावी, असेंही ठरलें. वरवर पाहतां हें योग्यच आहे. परंतु चाणाक्ष गृहिणीच्या मनांत लगेच शंका येईल. गाठोडें पूर्वींसारखेंच सहज पदरांत पडत असेल आणि सुट्या जिनसेला मात्र निराळें दाम मोजावें लागत असेल, तर सुटा जिन्नस घेणार कोण? तें दाम किती असावें? तें वाजवी आहे कीं नाहीं हें कोणीं पाहावें? पांच वर्षें संपल्यावर काय? असल्या शंका विचारण्याला मोठ्या विद्वत्तेची गरज लागत नाहीं. त्या योग्य वेळीं, योग्य ठिकाणीं विचारण्याची सोय मात्र लागते.

तडजोड ही मुळांत वाईट गोष्ट नव्हे. कोर्टाची पायरी चढलेल्या घराची दशा सातारा-सांगलीकडील शेतकऱ्याला कोणीं समजावून सांगावयास नको; बांधाचा वाद आजानें सुरू करावा आणि नातवानें त्याचा निकाल ऐकावा, हें येथें अनेकांनीं पाहिलेलें आहे. मोठ्या कंपन्यांचे वादही त्याच वाटेनें जातात. अँड्रॉइडच्या फोनांसंबंधींच्या दुसऱ्या एका प्रकरणांत ह्याच आयोगानें २० ऑक्टोबर २०२२ रोजीं ह्याच कंपनीला १३३७ कोटी ७६ लाख रुपये दंड केला. अपील न्यायाधिकरणानें २९ मार्च २०२३ रोजीं दंड कायम ठेवला, पण आयोगाचे कांहीं आदेश रद्द केले. आणि मग तो वाद सर्वोच्च न्यायालयाच्या दारीं गेला. इतक्या अवधींत फोनांच्या कित्येक पिढ्या येऊन जातात. बाजार बदलून गेल्यावर मिळालेला न्याय हा पीक वाळून गेल्यावर आलेल्या पावसासारखा असतो. तेव्हां खटल्यापेक्षां तडजोडीनें लवकर आराम पडत असेल, तर ती स्वागतार्हच मानली पाहिजे.

परंतु तडजोड कोणाच्या देखत होते यावर तिची किंमत ठरते. ह्याचा धडा सांगलीच्या पेठेंत मिळण्यासारखा आहे. सांगलीची हळद सर्वत्र नांवाजलेली आहे. २०१८ मध्यें तिला भौगोलिक मानांकन मिळालें. हरिपूरच्या परिसरांत जमिनींत खणलेल्या पेवांमध्यें हळद साठविण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. पेवांतला माल बाजारांत आला कीं त्याचा भाव ठरावयाचा. जुन्या काळीं पेठापेठांतून भाव ठरविण्याची एक विलक्षण रीत होती. अडत्या आणि खरेदीदार एकमेकांचे हात हातांत घेत, वर उपरणें किंवा रुमाल टाकीत, आणि बोटांच्या खुणांनीं आकडा ठरवीत. शेतकरी शेजारींच उभा असे. माल त्याचा, घाम त्याचा, वर्षाची मिळकत त्याची. पण रुमालाखालीं काय चाललें आहे हें मात्र त्याला दिसत नसे.

अडत्या हा शेतकऱ्याचाच माणूस म्हणविला जाई, आणि पुष्कळदां तो सचोटीचाही असे. तरीसुद्धां एक गोष्ट विसरतां येत नाहीं. अडत्याला त्याच खरेदीदाराशीं उद्यां पुन्हां सौदा करावयाचा असे; शेतकरी मात्र वर्षांतून एकदांच गाडी घेऊन यावयाचा. ज्याच्याशीं रोजची गांठ त्याचा संकोच अधिक, हा मनुष्यस्वभाव आहे. त्यांत लबाडी असलीच पाहिजे असें नाहीं. शेतीविषयक शाही कमिशननें १९२८ मध्यें नियंत्रित बाजारांची शिफारस केली ती असल्याच रीतींचा विचार करून. पुढें मुंबई प्रांतांत १९३९ मध्यें शेतमालाच्या बाजारांचा कायदा झाला. उघड लिलाव, खरीं वजनें आणि बाजार समितींत शेतकऱ्यांचे प्रतिनिधि हीं त्या सुधारणेचीं सूत्रें होतीं. त्यानें सगळ्या तक्रारी मिटल्या असें कोणी म्हणणार नाहीं; परंतु रुमाल उचलला गेला, आणि ज्याचा माल त्याला बोली ऐकूं येऊं लागली.

स्पर्धा आयोग आणि बलाढ्य कंपनी यांच्या तडजोडींत सामान्य ग्राहकाची जागा नेमकी त्या शेतकऱ्याची असते. आयोग त्याच्या वतीनें बोलतो. तो सचोटीनेंच बोलत असतो असें धरून चालावें. तरी त्याच कंपनीशीं आयोगाची गांठ पुन्हां पुन्हां पडावयाची असते, त्याच्यापुढें प्रकरणांचा ढीग असतो, आणि एक प्रकरण मिटलें तर त्याचाही भार हलका होतो. कंपनीकडे निष्णात वकिलांची फौज असते. संच विकत घेणाऱ्या गृहस्थाकडे असते फक्त पावती. हें तारतम्य ध्यानांत घेतलें म्हणजे रुमाल उचलण्याची आवश्यकता पटते.

नुसतें ऐकून घेणें मात्र पुरेसें नाहीं. केव्हां ऐकलें आणि कोणीं ऐकलें हेंही पाहावें लागतें. ह्या बाबतींत साताऱ्याचा अनुभव फार कडू आहे, आणि तो एका कंपनीशींच आलेला आहे. ईस्ट इंडिया कंपनीनें २५ सप्टेंबर १८१९ रोजीं छत्रपति प्रतापसिंह महाराजांशीं तह केला. तह म्हणजे तरी काय, एका प्रबळ कंपनीशीं झालेली तडजोडच. वीस वर्षांनीं महाराजांनीं तह मोडला असा आरोप ठेवण्यांत आला. विरुद्ध पुरावा दाखवावा आणि उघड चौकशी व्हावी, ही महाराजांची मागणी मान्य झाली नाहीं. अपराध कबूल केल्याचें लिहून द्यावें म्हणजे गादी राहील, अशी तडजोड मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स कारनॅक यांनीं पुढें केली. महाराजांनीं ती नाकारली. सप्टेंबर १८३९ मध्यें त्यांना पदच्युत करून काशीस पाठविण्यांत आलें.

महाराजांची बाजू मांडण्यासाठीं रंगो बापूजी गुप्ते विलायतेंत गेले आणि तेथें सुमारें चौदा वर्षें राहिले. परक्या देशांत, अपुऱ्या पैशांत, परक्या भाषेंत त्यांनीं लढा चालविला. कंपनीच्या भागीदारांच्या सभेंत साताऱ्याचें प्रकरण पुन्हां पुन्हां चर्चेला आलें. जोसेफ ह्यूम यांच्यासारख्या पार्लमेंटच्या सभासदांनीं तें उचलून धरलें. रंगो बापूजींना कोणीं ऐकलेंच नाहीं असें म्हणतां येणार नाहीं. परंतु ऐकणारी सभा होती ती, ज्या कंपनीविरुद्ध गाऱ्हाणें तिच्याच भागीदारांची. आणि ऐकण्याची वेळ होती ती, निकाल होऊन गेल्यानंतरची. महाराज १८४७ मध्यें काशीस निवर्तले. पुढील वर्षीं, महाराजांचे बंधु आप्पासाहेब वारल्यावर, त्यांच्या दत्तकाला मान्यता न देतां कंपनीनें साताऱ्याचें राज्य खालसा केलें. १८५७ च्या उठावांत रंगो बापूजींच्या मुलाला देहान्त शासन झालें, आणि ते स्वतः जे अज्ञातांत गेले ते पुन्हां कोणाला दिसले नाहींत. अजिंक्यताऱ्याच्या बाजूला असलेल्या चार भिंतींच्या स्मारकाशीं संध्याकाळीं फिरावयास जाणाऱ्या सातारकरांना हा इतिहास ठाऊक आहे.

त्याच कंपनीविरुद्ध दुसरें एक गाऱ्हाणें मात्र यशस्वी झालें, हें विसरूं नये. हिंदुस्थानच्या व्यापाराचा मक्ता एकट्या कंपनीला असूं नये, म्हणून इंग्लंड व स्कॉटलंडमधील इतर शहरांच्या व्यापाऱ्यांनीं सनदेच्या नूतनीकरणाआधींच पार्लमेंटकडे अर्जांचा वर्षाव केला. १८१३ मध्यें चहा आणि चीनचा व्यापार वगळून कंपनीचा मक्ता गेला. १८३३ मध्यें उरलासुरलाही गेला. हे व्यापारी कांहीं रंगो बापूजींपेक्षां अधिक निष्ठावान नव्हते. ते अधिक बलवान होते, त्यांचें राज्य होतें, हें खरेंच. परंतु त्याखेरीज ते निर्णयाच्या आधीं बोलले, आणि ज्याला मक्ता काढून घेण्याचा अधिकार होता त्याच्यापुढें बोलले. वेळ आणि ठिकाण यांनीं केवढा फरक पडतो, याचें याहून बोलकें उदाहरण मिळणें कठीण.

ह्या दोन्ही गोष्टींची सोय अमेरिकेनें आपल्या कायद्यांत करून ठेवली आहे. तेथें १९७१ मध्यें एका मोठ्या उद्योगाशीं सरकारनें केलेल्या तडजोडीविषयीं लोकांत संशय माजला. त्यांतून १९७४ मध्यें नवा कायदा झाला. सेनेटर टनी यांच्या नांवानें तो ओळखला जातो. मक्तेदारीच्या खटल्यांत सरकारनें तडजोड केली तर ती प्रसिद्ध करावी, साठ दिवस लोकांचीं मतें मागवावीं, त्या मतांना सरकारनें लेखी उत्तर द्यावें, आणि तडजोड लोकहिताची आहे असें न्यायाधीशाला पटेल तेव्हांच तिच्यावर मोहोर उठावी, असा त्याचा आशय आहे.

ह्या कायद्याची मोठी कसोटी मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या खटल्यांत लागली. संगणकांवरील आपल्या विंडोज प्रणालीच्या जोरावर ही कंपनी नेटस्केपसारख्या प्रतिस्पर्ध्याचा ब्राउझर बाजारांतून हुसकून लावते, असा आरोप ठेवून अमेरिकेच्या न्यायखात्यानें व अनेक संस्थानांनीं १८ मे १९९८ रोजीं दावा लावला. खालच्या न्यायालयानें कंपनीचे दोन तुकडे करण्याचा हुकूम दिला. वरच्या न्यायालयानें २८ जून २००१ रोजीं मक्तेदारी बेकायदेशीर मार्गांनीं राखल्याचा ठपका कायम ठेवला, पण तुकडे करण्याचा हुकूम रद्द केला. पुढें २ नोव्हेंबर २००१ रोजीं सरकार व कंपनी यांची तडजोड जाहीर झाली आणि साठ दिवसांचा दरवाजा उघडला. तीस हजारांहून अधिक लोकांनीं आपलीं मतें लिहून पाठविलीं. त्यांत तडजोडीचे पुरस्कर्ते होते तसे विरोधकही होते. विद्यार्थी होते, कारागीर होते, प्रतिस्पर्धी कंपन्या होत्या. सरकारनें त्यांतील ४७ मतें विशेष तपशीलवार म्हणून निराळीं काढलीं. मतें आल्यानंतर तडजोडीच्या मसुद्यांत कांहीं दुरुस्त्या झाल्या, आणि १ नोव्हेंबर २००२ रोजीं न्यायाधीश कोलीन कोलर-कोटेली यांनीं ती थोड्या फेरफारानें मान्य केली. तिची देखरेख मे २०११ पर्यंत चालली.

ह्या हकीकतींतून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. इतक्या मोठ्या संख्येनें लोक बोलले तरी तडजोड मुळांतून बदलली नाहीं. तेव्हां हरकत नोंदविली म्हणजे लढाई जिंकली, असा भ्रम कोणीं बाळगूं नये. त्याचबरोबर तीस हजारांतून ४७ च निराळीं निघालीं, याचाही अर्थ ध्यानांत घ्यावा. केवळ संतापाचे शब्द मोजले जातात. पुराव्याचे शब्द वाचले जातात.

आतां आपल्या देशाकडे वळावें. मक्तेदारीविरोधी १९६९ चा जुना कायदा मागें पडून २००२ चा स्पर्धा अधिनियम आला. त्यांत २०२३ मध्यें दुरुस्ती झाली, आणि मार्च २०२४ पासून तडजोडीची वाट खुली झाली. महासंचालकाचा चौकशी-अहवाल आल्यानंतर, पण अंतिम निकालाच्या आधीं, कंपनी तडजोडीचा अर्ज करूं शकते. व्यापाऱ्यांनीं आपसांत संगनमत करून भाव बांधले असतील तर मात्र ही सवलत नाहीं. अर्ज आल्यावर हरकती व सूचना मांडण्याची संधि इतरांनाही दिली पाहिजे, असें कायदा सांगतो. म्हणजे बोलण्याची वेळ निर्णयाच्या आधींची आहे. साताऱ्याच्या वाट्याला न आलेली गोष्ट येथें कायद्यानेंच दिलेली आहे.

परंतु दोन ठिकाणीं सावध राहिलें पाहिजे. अमेरिकेंत तडजोड करतें सरकार आणि ती पारखतो न्यायाधीश. येथें तडजोडीच्या अटी मान्य करणारा आणि त्या लोकहिताच्या आहेत कीं नाहींत हें पाहणारा आयोग एकच आहे. दुसरें असें कीं, तडजोडीच्या हुकुमावर ह्या कायद्याखालीं अपील नाहीं. ज्या गाडीला मागें वळण्याची सोय नाहीं, तिच्या चाकांची तपासणी निघण्यापूर्वींच व्हावयास हवी. हरकतींची मुदत हीच ती तपासणीची वेळ. ती मुदत ओस गेली, तर पुढें वर्तमानपत्रांत कितीही पत्रें लिहिलीं तरी त्यांचा उपयोग मनाची जळजळ शमविण्यापलीकडे होत नाहीं. तडजोडीनंतरही नुकसानभरपाईसाठीं अपील न्यायाधिकरणाकडे अर्ज करण्याचा हक्क कायद्यानें राखून ठेवला आहे, हें खरें. परंतु एका संचामागें झालेलें थोडें नुकसान सिद्ध करण्यासाठीं एकटा गृहस्थ दिल्लीपर्यंत कितीसा जाणार!

येथें कोणी म्हणेल कीं, असल्या किचकट विषयांत सामान्य माणसाला काय कळतें? त्याला उत्तर असें कीं, हळदीच्या शेतकऱ्यालाही परदेशच्या बाजारपेठेचें गणित कळत नव्हतें. पण पोत्यांत किती हळद भरली हें त्याच्याइतकें कोणालाच ठाऊक नव्हतें. घरांतील संचाविषयीं घरवाल्याला जें दिसतें, तें दिल्लीच्या कचेरींत बसून दिसत नाहीं. दुकानदाराला ठाऊक असतें कीं, निराळ्या प्रणालीचा संच कारखान्याकडून मागविला तर तो मिळतो कीं नाहीं. मराठींतून शाळेचे पाठ दाखविणारें लहानसें ॲप तयार करणाऱ्या तरुणाला ठाऊक असतें कीं, आपली चौकट पडद्यावर येण्यासाठीं काय काय सोसावें लागतें. हें ज्ञान किरकोळ नाहीं. तोच पुरावा आहे.

अडचण आहे ती निराळीच. तडजोडीची नोटीस आयोगाच्या संकेतस्थळावर लागते. ती मोती चौकांतल्या फळ्यावर लागत नाहीं, आणि तिची भाषाही मराठी नसते. मुदत थोडी असते. ही उणीव आयोगानें दूर करावी अशी मागणी अवश्य करावी. नोटीस प्रादेशिक भाषांतूनही निघावी, आणि आलेल्या हरकतींना निकालपत्रांत उत्तर मिळावें, ह्या दोन्ही मागण्या रास्त आहेत. परंतु तोंपर्यंत हात बांधून बसण्याचें कारण नाहीं. सांगलीचें वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ पासून चालू आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९१९ मध्यें स्थापिलेल्या रयत शिक्षण संस्थेचें मुख्य ठाणें साताऱ्यासच आहे. पुण्यांत १९७४ मध्यें सुरू झालेल्या ग्राहक पंचायतीची चळवळ महाराष्ट्राच्या गांवोगांवीं पोंचली आहे. अशा संस्थांतील जाणत्या माणसांनीं नोटिशीचा गोषवारा चार सोप्या मराठी वाक्यांत करून वाचनालयाच्या फळ्यावर लावला, तरी केवढें तरी काम होईल.

हरकत लिहावयाची ती कशी, हेंही थोडक्यांत सांगण्यासारखें आहे. आपण कोण आणि ह्या व्यवहाराशीं आपला संबंध काय, हें पहिल्या ओळींत यावें. संच केव्हां घेतला, कोणत्या जातीचा, काय अडचण आली, हें तारखेनिशीं यावें. तडजोडीच्या कोणत्या अटींत उणीव आहे तें नेमकें दाखवावें. आणि शेवटीं, त्या अटीऐवजीं काय असावें हें स्पष्ट शब्दांत सुचवावें. कंपनी मोठी आहे म्हणून ती वाईटच, असें लिहूं नये. चांगला माल देऊन मोठें होणें हा अपराध नाहीं, आणि कायदाही तसें मानीत नाहीं. मोठेपणाच्या बळावर दुसऱ्याची वाट अडविणें हा अपराध आहे. तडजोड योग्य वाटली तर तसेंही लिहावें. ऐकून घेणाऱ्याला पाठिंब्याचीं कारणें हवीं असतात, तशींच विरोधाचींही.

रंगो बापूजींना आपलें म्हणणें मांडण्यासाठीं घरदार सोडून विलायतेस जावें लागलें, आणि चौदा वर्षें खर्चूनही त्यांना योग्य वेळ व योग्य न्यायासन मिळालें नाहीं. आज दोन पानांची हरकत सांगलींत किंवा साताऱ्यांत बसून लिहितां येते. पुढची तडजोड कोणत्या कंपनीची असेल हें आज सांगतां येणार नाहीं. कदाचित् ती फोनासंबंधीं असेल, कदाचित् शेतमालाच्या किंवा औषधांच्या खरेदीविक्रीसंबंधीं असेल. परंतु तिची नोटीस लागेल तेव्हां ती वाचणारा एक तरी मनुष्य प्रत्येक गांवांत असावा. भिंतीवरच्या संचांत चौकटींची रांग कोणीं लावली, हें विचारण्याची संवय घरापासून लागली, म्हणजे तो मनुष्य शोधावयास दूर जावें लागणार नाहीं.